साहेबाच्या नाताळासाठी आमच्या दारात दिवे

दिवाळीत आमच्या दारात चार पणत्या लागत. पाचवी लावली की आमचे हे आतून विचारायचे, "तेल काय विहिरीतून येतं का?" आणि हेच गृहस्थ त्या वर्षी डिसेंबर लागल्यावर कचेरीतून आले ते टोपीसुद्धा न काढता म्हणाले, "अगं, यंदा आपण नाताळची रोषणाई करायची."

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आपण किरिस्ताव कधी झालो?"

"तसं नव्हे गं. मॅडमची इच्छा आहे."

मॅडम म्हणजे नव्या साहेबाची बायको. लोणावळ्याला रेल्वेचा नवा गोरा साहेब येऊन सहा-सात महिने झाले होते. बाईंना इथे करमत नव्हतं. पावसाळाभर त्या धुक्याकडे बघत बसल्या, आणि थंडी पडल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की कारकुनांच्या चाळीतल्या प्रत्येक घराने नाताळला दिवे लावावेत. आदल्या संध्याकाळी त्या साहेबाला घेऊन बघायला येणार, ज्याचं घर चांगलं त्याला बक्षीस. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांना बंगल्यावर चहा. हा हुकूम नव्हता. हेडक्लार्कने कचेरीत उभं राहून "इच्छा" असाच शब्द वापरला होता. हुकूम असता तर आमच्या लोकांनी चार पळवाटा काढल्या असत्या. इच्छा म्हटल्यावर सगळे कामाला लागले.

काय ते कामाला लागणं! एरवी पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागणारे पुरुष स्टुलावर चढून खिळे ठोकू लागले. पलीकडच्या पार्सलबाबूने बांबूच्या कामट्यांची चांदणी केली. ती इतकी मोठी झाली की दारातून बाहेर निघेना, तेव्हा एक टोक कापलं. कोपऱ्यातल्या गार्डाने आपला ड्युटीवरचा लाल-हिरवा कंदीलच खिडकीत टांगला. आणि हे? ह्यांना विजेची माळ हवी होती.

चाळीत वीज येऊन थोडीच वर्षं झाली होती. खोलीला एक दिवा. माळ कुठून आणायची? पण स्टेशनात एक वायरमन होता. गाडीच्या डब्यांतले दिवे बदलायचं काम त्याच्याकडे. तो कामशेतचा, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. त्याने ह्यांना डब्यांतले दहा दिवे आणून दिले. ते कमी जोराचे असत. एकटा लावला तर फट्कन उडायचा, म्हणून सगळे एका तारेत ओवायचे, आणि एक काढला की बाकीचे सगळे विझायचे. त्याने चाळीतल्या निम्म्या घरांना असेच दिवे पुरवले. ते रेल्वे कंपनीचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच विचारलं नाही.

दिवे पांढरे होते. मॅडमना रंगीत हवे. ह्यांनी माझा कुंकवाचा करंडा घेतला, हळदीचा डबा घेतला, कपड्यांची नीळ घेतली आणि डिंकात कालवून दिव्यांना फासलं. बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी कुंकू लावतात. ह्यांनी ते नोकरीच्या आयुष्यासाठी लावलं. दिवे तापले की हळद करपायची. पहिल्या दिवशी माळ लावून बघितली तेव्हा शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं, "फोडणी जळली का हो?"

मग झाड. नाताळला झाड लागतं हे ह्यांना कुठून तरी कळलं होतं. औंढ्याहून एक मावशी आमच्याकडे दूध घालायला येत. त्यांना ह्यांनी दारातच गाठलं.

"मावशी, टोकदार पानांचं एक झाड हवं. हिरवंगार. साहेबांच्या सणाला."

"टोकदार म्हंजी शिंदी हाय की, भाऊ."

"चालेल, चालेल. एक आणा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "शिंदीला पुजत्यात व्हय साह्येब लोक? आमी तिच्या झाडण्या करतो."

"आणा तुम्ही," मी म्हटलं. "नाहीतरी आमच्या घरी सगळं उलटंच चाललंय."

दुसऱ्या दिवशी मावशींच्या मालकांनी शिंदीचं रोप खांद्यावरून आणून दिलं. ह्यांनी ते रॉकेलच्या डब्यात लावलं, डब्याला पतंगाचा कागद गुंडाळला आणि त्याच्या काट्यांना दिव्यांची माळ बांधता बांधता दोन्ही हात रक्ताळून घेतले. हू की चू केलं नाही. माझ्या बाळंतपणात एक रात्र जागायला लागली तर महिनाभर तोंड वाजवणारा हा माणूस.

नाताळच्या आदल्या दिवशी दिवस मावळता मावळता साहेब आणि मॅडम आले. पुढे हेडक्लार्क, हात चोळत. चाळीतले सगळे पुरुष कोट घालून आपापल्या दारात उभे. आमच्या लग्नात ह्यांनी घातला होता तो कोट बाहेर निघाला होता. मॅडम पार्सलबाबूच्या तुटक्या चांदणीपाशी थांबल्या, काहीतरी गोड बोलल्या, पुढे आल्या. आमच्या दारात शिंदी बघून त्यांना हसू आवरेना. हेही हसले. कशाला हसतोय ते कळत नव्हतं, पण मॅडम हसल्या म्हणून हसले.

साहेब मात्र वाकून दिवे बघत होता. त्याने एका लाल दिव्याला हात लावला. बोटाला कुंकू लागलं. त्याने भुवई उंचावली आणि दिवा पिरगळून काढला. त्यासरशी सगळी माळ विझली आणि आमचं दार काळोखात गेलं. साहेबाने खिशातून बॅटरी काढली, दिव्याच्या पितळी बुडावर उजेड पाडला आणि वाचलं. तिथे कंपनीची अक्षरं ठोकलेली होती.

"हे कुठून आणले?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"सर," हे म्हणाले. "सर..."

साहेबाने रुमालाला बोट पुसलं, दिवा कोटाच्या खिशात घातला आणि सांगितलं की उद्या सुट्टी आहे, परवा सकाळी माझ्या खोलीत येऊन भेट. मॅडमला घेऊन तो वळला. पुढची घरं बघितलीच नाहीत. तशी गरजही उरली नव्हती. ते दोघं फाटकापर्यंत पोचायच्या आत चाळीतल्या माळा एकामागून एक विझल्या. पटापट दारं लागली. गार्डाने आपला कंदीलसुद्धा आत घेतला. हे हेडक्लार्ककडे धावले, तर तो म्हणाला, "मी कधी म्हटलं होतं दिवे लावा म्हणून? मी फक्त इच्छा सांगितली."

हे घरात येऊन पाटावर बसले, जेवले नाहीत. "नोकरी गेली," एवढंच. मी म्हटलं, "चाळीत एकटे तुम्हीच नाही. निम्म्या घरांत तेच दिवे आहेत."

"त्यांची नावं कशी सांगू? शेजारी आहेत."

शेजारी दारं लावून बसले होते. त्यांची कड्या सरकवल्याची खडखड आम्हाला ऐकू येत होती.

नाताळच्या दिवशी दुपारी हे म्हणाले, "तू चहाला जा. मॅडमच्या पाया पड. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं."

मी गेले, पण पाया पडायला नाही. ज्या सणापायी माझ्या घरात दोन वेळा चूल पेटली नव्हती, तो सण असतो तरी कसा, ते मला बघायचं होतं. चाळीतल्या बायका पुढे चालल्या होत्या. माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. आदल्या दिवसापर्यंत माझ्याकडून विरजण नेणाऱ्या वहिनी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने गेल्या.

बंगल्याच्या दिवाणखान्यात सुरूचं अख्खं झाड कापून आणून उभं केलं होतं. त्यावर पिंजलेला कापूस टाकला होता. लोणावळ्यात बर्फ पडत नाही म्हणून हा बर्फ. आमच्याकडे असा कापूस गादीत भरतात. आणि झाडभर दिवे, लाल, निळे, हिरवे. आमच्या बायका "अगंबाई" करत तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी जवळ गेले.

दिव्यांचा आकार मला ओळखीचा वाटला. दहा दिवस तेच तर माझ्या ओट्यावर लोळत होते. रंग तेवढा इथे चांगला तेलाचा होता, डिंकाचा नव्हता. एका निळ्या दिव्याच्या बुडाशी रंगाचा टवका उडालेला दिसला. मी वाकले. तळेगावच्या शाळेत मी सहावीपर्यंत शिकले आहे आणि इंग्रजी अक्षरं मला लावता येतात. कंपनीची अक्षरं. शेजारचा बघितला. तीच. त्याच्या वरचा बघितला. तीच.

मॅडम केकची बशी घेऊन आल्या. हिंदुस्तानी भाषा त्या नोकरांशी बोलूनच शिकल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना 'तुम'. "तुमको अच्छा लगता?"

"बहुत अच्छा," मी म्हटलं. "ये दिये विलायत से आये?"

"नहीं, नहीं! वायरमन लाया. बहुत अच्छा आदमी."

"हाँ," मी म्हटलं, "हमारे घर भी वही लाया था."

साहेब खिडकीजवळ पाइप घेऊन उभा होता. माझं बोट त्या निळ्या दिव्यावर होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघू लागला. त्याचा पाइप विझला होता तरी तो ओढत राहिला. मॅडमना यातलं काही समजलं नाही. त्या खूश होऊन "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. त्यात अंडं होतं. मी तो तसाच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे साहेबाकडे गेले. निघताना देवापुढे इतका वेळ हात जोडून उभे होते की मला वाटलं तिथेच झोप लागली. दुपारी परत आले ते उजळलेल्या तोंडाने. "साहेबाने सोडलं! म्हणाला, सणाचे दिवस आहेत, दिवे परत करा, पुन्हा असं करू नका. देवमाणूस आहे गं, देवमाणूस!"

मग मी त्यांना बंगल्यावरचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते तोवर त्यांचा चेहरा हळूहळू आंबट होत गेला.

"तुला काय कळतं इंग्रजी? ती विलायतेतली अक्षरं असतील."

"मी तीन दिवे वाचले."

"साहेबाला काय कमी आहे? तो कशाला कंपनीचे दिवे वापरील?"

"मॅडमनी स्वतः सांगितलं, वायरमनने आणले म्हणून."

"तू आता हे कुणापाशी बोलू नकोस," ते म्हणाले. आणि मोरीपाशी बसून राखेने दिव्यांवरचं कुंकू घासू लागले. संध्याकाळपर्यंत घासत होते. निळीचे डाग निघता निघेनात. नवीन वर्षाच्या दिवशी झेंडूचा हार आणि गुडदाणीचा पुडा घेऊन ते बंगल्यावर जाऊन आले. साहेब बाहेर आला नाही, हार बटलरने घेतला. तरी ह्यांना धन्य वाटलं.

जानेवारीत वायरमनची बदली झाली, घाटाखाली कर्जतला. त्याची म्हातारी आई कामशेतला होती, तिला बघायला तो रोज संध्याकाळच्या गाडीने जात असे, ते बंद झालं. जायच्या आधी तो आमच्या दारात आला होता. हे आत होते, पण मला खुणेने "घरी नाहीत म्हण" म्हणाले. मी तसं म्हटलं नाही. मी त्याला बसवलं, चहा दिला. तो म्हणाला, "बाई, मी कुनाचं नाव घेतलं न्हाई. साह्येबाचंबी न्हाई आन् तुमचंबी न्हाई." तो गेल्यावर हे बाहेर येऊन म्हणाले, "चोरच होता तो मुळात."

त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. पुढे बोलू लागले, संसार आहे. पण ह्यांच्या तोंडून 'साहेब' शब्द निघाला की मी उठून आत जाऊ लागले, ती सवय मला कायमची लागली.

पुढल्या डिसेंबरात मॅडमना पुन्हा इच्छा झाली. या खेपेला फक्त कागदाचे कंदील लावायचे असं ठरलं. ह्यांनी रंगीत कागदांची गुंडाळी घरी आणली आणि खळ करायला सांगितली. मी खळ करून दिली, दोन दिवसांची भाकरी-चटणी करून ठेवली आणि ट्रंक भरली.

"कुठे निघालीस?"

"तळेगावला, माहेरी."

"आत्ता? मॅडम बघायला येणार, घरात बाई नको?"

"बघायला दिवे आहेत ना," मी म्हटलं आणि स्टेशनची वाट धरली.

बक्षीस गार्डाला मिळालं म्हणे, बिस्किटांचा डबा. हे संक्रांतीपर्यंत घुम्यासारखे वागत होते. साहेब विलायतेला जाईपर्यंत दरवर्षी त्या दिवसांत मी माहेरी जात राहिले. आईला वाटायचं, लेकीला माहेरची ओढ फार. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. आमच्या परसात तेव्हा वालाच्या शेंगा भरलेल्या असत. त्या सोलत दोघी उन्हात बसायचो, आणि लोणावळ्याहून येणारी गाडी शिटी देत निघून जायची.