सोळावा बर्थ

मी पाण्याला भिते. सांगलीत राहून ज्यांनी कृष्णामाई रस्ता ओलांडून दारात आलेली पाहिली आहे, त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. तरीही आमच्या भिशीतल्या बायकांनी क्रूझचा विषय काढला, तेव्हा सगळी जमवाजमव माझ्याच गळ्यात पडली, कारण नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. मुंबईहून निघायचं, एक अख्खा दिवस समुद्रात, मग गोवा आणि परत. बुकिंगवाल्याने खुर्चीत रेलून ऑफर सांगितली. पंधरा जणी आणा, सोळावा बर्थ फुकट. शिवाय ग्रुप लीडरला गॅलरीची केबिन आणि एका संध्याकाळी सगळ्यांना केक. फुकटचा बर्थ तसा लीडरचा असतो, पण तो कुणाच्याही नावावर टाकता येतो, असंही तो म्हणाला.

मी माझे पैसे भरले आणि तो बर्थ आक्कांच्या नावावर टाकला. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, लोणंदजवळच्या गावात एकट्या राहतात. थोरले दीर फौजेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आक्कांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैसे कुणी भरले हाच. कुणीच नाही, तिकीट फुकटचं आहे, असं मी सांगितलं. ऐकून त्यांना मोकळं वाटेल असा माझा हिशेब होता.

झालं उलटंच. जहाजावर पाऊल ठेवल्यापासून तो शब्द त्यांच्या मानगुटीवर बसला. त्यांचा बर्थ आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये, वरचा, शिडी चढून जायचा. मी माझ्या केबिनमध्ये या म्हटलं तर ऐकलं नाही. जेवायच्या हॉलमध्ये पदार्थांची रांग लागलेली, हवं तेवढं घ्यायचं, सगळं तिकिटातच धरलेलं. बाकीच्या बायका ताटात डोंगर रचत होत्या आणि आक्का एक पोळी नि वाटीभर डाळ घेऊन कडेला बसल्या होत्या. काही वाढायला गेलं की हात आडवा. केबिनमध्ये सोबतच्या तिघींच्या साड्यांच्या घड्या घालायच्या, चहाचे कप विसळायचे, असं त्यांचं चाललेलं. आमच्यातली एक जण तोंडाची जरा सैल आहे. ती म्हणाली, आक्का, आम्ही पंधरा जणींनी मिळून तुम्हाला समुद्र दाखवायला आणलंय बरं का, विसरू नका. सगळ्या हसल्या, आक्काही हसल्या. पण आक्का हसताना पदर तोंडाशी नेतात आणि या वेळी तो नेला नाही, हे माझ्या डोळ्यांनी टिपलं.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला, आम्ही सगळ्या वरच्या डेकवर गेलो. आक्का म्हणाल्या की वर वारं फार लागतंय, तुमच्या खोलीत जरा पडते. मी चावीचं कार्ड दिलं. सूर्य पाण्याला टेकायला आला होता आणि फोटोसाठी बायकांची ढकलाढकली चालली होती. तेवढ्यात भोंगा झाला.

चढल्या दिवशी या भोंग्याची रंगीत तालीम झाली होती. तेव्हा नारिंगी जॅकेटं घालून आम्ही एकमेकींना पोट धरधरून हसलो होतो. आता कुणी हसलं नाही. आधी इंग्रजीत, मग हिंदीत घोषणा झाली. जहाजाच्या डाव्या अंगाने कुणीतरी पाण्यात पडलं आहे, सर्वांनी आपापल्या जमायच्या जागी जावं. पायाखालची धडधड मंदावली आणि ते एवढं मोठं धूड हळूहळू वळायला लागलं.

जिन्यात कुणीतरी सांगत होतं की बाई पडली, हिरव्या साडीतली, खालच्या डेकवरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. दीर गेल्यापासून आक्का हिरवं नेसत नाहीत. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरची बाई बुडाली होती आणि मी कठड्याला धरून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. भीती माणसाला इतकं हलकं करते.

जमायच्या जागी आमच्या सगळ्या आल्या. आक्का आल्या नाहीत. मी पुन्हा पुन्हा चेहरे पाहिले, जसं काही पाहिल्याने एक वाढणार होता. आणि मग मला आठवलं की आक्कांच्या ट्रंकेत एक हिरवी साडी आहे, त्यांच्या लग्नातली. दरवर्षी त्या तिला ऊन दाखवतात. जायचंच ठरवलं असेल तर बाई तीच नेसून जाईल, असं मनात आलं. सैल तोंडाची ती माझा दंड घट्ट धरून रडत होती. तिच्याही मनात तेच आलं असणार.

गणवेशातला एक अधिकारी ग्रुप लीडर कोण म्हणून विचारत आला. मी आहे, म्हटलं. बाई दुःखी होत्या का, कुणाशी भांडण झालं होतं का, असं तो हिंदीत विचारत होता आणि माझ्या केबिनकडे झपाझप चालत होता. मी जवळजवळ पळत होते.

केबिनमध्ये कुणी नव्हतं. गॅलरीचं दार सताड उघडं होतं, पडदा आत-बाहेर होत होता. आणि कठड्याशी आक्कांच्या चपला होत्या, एकमेकींना चिकटवून नीट काढून ठेवलेल्या. आमच्याकडे विहिरीच्या काठावर अशा चपला दिसल्या की पुढचं कुणी विचारत नाही. मी खाली बसले. खाली पाहायचं धाडस झालं नाही. दिरांना, सासूबाईंना, वर गेलेल्या सगळ्यांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

अधिकाऱ्याने बाथरूमचं दार ढकललं. ते आतून लावलेलं होतं. त्याने जोरात ठोठावलं. आतून काही नाही. मी उठले आणि हाक मारली तेव्हा बारीक आवाज आला.

"त्यास्नी सांगा, म्या काय चोरलं न्हाई."

दार उघडलं. आक्का डोक्यावरून पदर घेऊन अंधारात उभ्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या फिकट साडीत, कोरड्या ठणठणीत. मी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोठं पाणी ओलांडताना त्याला काही दिल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पुलावरून निदान नाणं तरी टाकतात, बायका कृष्णेची ओटी भरतात. आक्कांना समुद्राची ओटी भरायची होती. पण विधवेने ओटी भरलेली चारचौघींत चालणार नाही, म्हणून त्यांनी माझी गॅलरी गाठली. चपला काढल्या, हात जोडले आणि नारळ, तांदूळ, हळकुंड घरून आणलेल्या त्या हिरव्या साडीत बांधून सोडून दिलं. वाऱ्याने साडी सुटून फुगली आणि खालच्या माणसाला बाई पडताना दिसली. भोंगा झाला तेव्हा आक्कांना वाटलं, आपण टाकलेलं कुणीतरी बघितलं आणि आता चोर समजून आपल्याला धरायला येतात. म्हणून कडी लावली.

"आवं, लग्नातली साडी कशाला दिली?" मी विचारलं.

"मग काय दिऊ? समद्यांनी पैसं भरल्यात. माझं काय हुतं दुसरं?"

अधिकाऱ्याने आधी वायरलेसवर कळवलं, मग पलंगाच्या कडेवर बसून कपाळ पुसलं. समुद्रात काहीही टाकणं गुन्हा आहे, म्हणून त्याने आम्हा दोघींना भरपूर सुनावलं. जहाज अर्ध्यातून मागे वळवलं, दिवे लावून पाणी शोधत होतो, बोट खाली सोडायची तयारी झाली होती, असं तो म्हणाला. आक्कांना त्याचं हिंदी उमगत नव्हतं. मी सांगितलं की त्यांनी तुम्हाला शोधायला एवढं मोठं जहाज थांबवलं.

"मला हुडकायला?"

मी मान हलवली. आक्का बराच वेळ त्या माणसाकडे बघत राहिल्या. पायाखाली जहाज पुन्हा धडधडायला लागलं तरी त्यांची नजर हलली नाही. मग माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं,

"माझं तिकीट फुकटचं हाय, ह्ये त्यास्नी ठावं हुतं न्हवं?"