भेरूबाबाचे दोन साफे

तिकिटं जमवणाऱ्यांकडे तिकिटांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. तिकिटं निदान अल्बममध्ये लावता येतात! फ्रीगंजमधल्या आमच्या मंडळाची मी सेक्रेटरी, आणि भेरूबाबाच्या स्पेशल कव्हरपासून, म्हणजे पोस्टाच्या खास छापील पाकिटापासून, तर माझ्याकडे जागाच उरली नाही.

भेरूबाबा म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळातला गँगमन. पुलाखालची माती खचलेली पाहून त्याने डोक्यावरचा लाल साफा सोडला, हलवला आणि भरलेली पॅसेंजर थांबवली. आजही आसपासच्या गावांत त्याची गाणी म्हणतात. कव्हर मंजूर झालं, पण त्यावर चित्र हवं. आणि फोटो एकही नाही!

माधव नगरचे पुराणिक सर तयार झाले. रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. म्हणाले, "आयुष्यभर मुलांची सफरचंदं तपासली. आता एक माणूस काढतो."

•

चेहऱ्याची चौकशी करायला सर आणि मी रेल्वे कॉलनीत गेलो. पहिल्या घरी कळलं, बाबा सहा फुटी. दुसऱ्या घरी ठेंगणा. तिसऱ्या घरी मी विचारलं, "मूंछ थी?"

"मॅडम, बिना मूंछ के गाड़ी रुकती क्या?"

•

पहिलं स्केच पाहून आमचे अध्यक्ष व्यासजी म्हणाले, "सर, थोड़ा गोरा कीजिए."

"अहो, दिवसभर उन्हात रुळांवर असायचा तो!"

"वो तो ठीक है, पर विमोचन में बड़े साहब आ रहे हैं."

•

साफा हातात, म्हणून सरांनी डोकं उघडं काढलेलं. व्यासजी भडकले. "लोकनायक नंगे सिर?"

"डोक्यावर ठेवला तर गाडी कशाने थांबवायची?"

दोन तास मीटिंग चालली. ठराव पास झाला : एक साफा हातात, एक डोक्यावर. मिनिट्समध्ये दुसऱ्याला मी 'एक्स्ट्रा' लिहिलं.

•

सरांनी तीन आठवडे नुसत्या कपाळाच्या सुरकुत्या रंगवल्या. कव्हरचं प्रूफ आलं तर कपाळ गुळगुळीत! देवास गेटचा प्रिंटर खुशीत म्हणाला, "सर, मैंने साफ कर दिया. फ्री में!"

रिक्षात सर मला म्हणाले, "सुधाताई, हा माणूस मला कोणी काढूच दिला नाही हो."

•

कव्हरच्या विमोचनाला सर मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. स्टेजवर त्यांचं मूळ चित्र, पडद्याखाली. पहिल्या रांगेत भेरूबाबाची सून, आठवड्यापूर्वीच पत्ता लागलेली, खास गावाहून आणलेली. नव्वदीची, दात नाहीत, पण आवाज खणखणीत. तोंडभर हसत व्यासजींनाच विचारत होती, "चाय कद मिलेगी?"

पडदा सरकला. टाळ्या वाजल्या. मागून कोणीतरी म्हणालंच, "मूंछ जरा ज्यादा हो गई."

म्हातारीने चित्राकडे एकदाच पाहिलं. दोन्ही हातांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला, आणि खुर्ची सोडून खाली जमिनीवर जाऊन बसली.