तनीच्या वेळची कॉफी

खालापूरहून माझ्या जुन्या मित्राच्या, दत्तूच्या सुनेचा फोन आला. “काका, बाबा गेले...” एवढंच ती बोलली. त्याला आता दीड महिना झाला. दिवसकार्याला जमलेल्यांत कुणीतरी जुनी गोष्ट पुन्हा काढली, की दत्तूनं वाजवायला घेतलं आणि अख्खा मांडव उठून गेला. लोक हसले. मी मान खाली घालून बसलो. ती गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी साठ वर्षं माझ्यापाशी पडून आहे.

चाळीस सालानंतरचा तो काळ. घाटात गाडीला मागून जोडायच्या इंजिनांमुळे कर्जतला रेल्वेची मोठी वस्ती होती, आणि तीत मद्रासी कुटुंबं बरीच. मार्गशीर्ष लागला की क्वार्टर्सपुढच्या मैदानात त्यांचा मांडव पडायचा. आठ दिवस, रोज संध्याकाळी पाचला त्यांचं गाणं. काय ते दिवस! मुंबईच्या गाडीनं गवई यायचे. आधी तंबोरा उतरायचा, मग माणूस. बायका ठेवणीतल्या रेशमी साड्या नेसून, अबोली माळून यायच्या. पुढच्या रांगेतले म्हातारे मांडीवर ताल धरायचे, आणि एखाद्याचा हात चुकला की शेजारचा डोळे वटारायचा! गाण्याइतकीच चर्चा कुणाच्या घरची इडली हलकी याची. आणि आम्ही भातखाचरातली माणसं, शब्द एक कळत नसताना, मागच्या सतरंजीवर माना डोलवत बसलेलो.

दत्तू भजनात पखवाज वाजवायचा. इंजिनावरच्या सुब्बूमामांकडे आम्ही दोघं बरोबरच मृदंगम शिकायला गेलो. महिन्याभरात मामांनी निकाल दिला, “दत्तू, हात चांगला. गोविंदा... तू कॉफी बघ.” सगळे हसले, मीही हसलो. पण ते लागलं. पुढे मांडवातली कॉफी खरंच माझ्याकडे आली.

गाण्याच्या भरात गवई थांबतो आणि मृदंगमवाला एकटा वाजवतो, त्याला ते ‘तनी’ म्हणत. तनी लागली की लोकांनी कॉफीला उठायचं, हा तिथला रिवाजच. वाजवणारा बिचारा सतरंज्यांना ऐकवायचा, आणि कनातीमागे माझ्या पातेल्यांभोवती ही झुंबड!

तिसऱ्या वर्षी मुंबईचा वाजवणारा आजारी पडला आणि मामांनी दत्तूला बसवलं. दुपारी मृदंगमच्या डाव्या तोंडाला भिजवलेला रवा लावता लावता तो म्हणाला, “गोविंदा, आज एक मानूस उठनार नाय. तुजी कॉफी गार करतो बघ.”

“उठतील रं. तुज्यासाटी नाय, वासासाटी.”

“लाव पैज!”

तनी सुरू झाली... आणि खरंच कुणी उठेना! घाट उतरणाऱ्या गाडीसारखे त्याचे हात धावत होते, आणि वळणावर अलगद थांबत होते. म्हाताऱ्यांच्या मांड्यांवरचे हात त्याच्या मागे पळत होते. एक बाई पोराला थोपटायची विसरून गेली. माझ्याही अंगावर काटा आला, हे आधी सांगतो. पण माझ्यापुढे एक माणूस नव्हता. मी कनात बाजूला सारली, पातेल्याचं झाकण काढलं आणि पंच्यानं वारा घालून वास आत लोटू लागलो. एक म्हातारा वळला. मग त्याची रांग. मग सगळे.

तनीचा शेवट दत्तूनं एकट्या सुब्बूमामांना ऐकवला.

“याला लोक धरून ठेवता येत नाहीत, पुढच्या वर्षी दुसरा बघू,” मांडवाचे चिटणीस माझ्यासमोर म्हणाले. मी पेले भरत राहिलो. दत्तू मात्र येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला, “जिकलास रं!” त्यानं मला पाहिलं होतं की नाही, मला कधी कळलं नाही. मांडवात तो पुन्हा बसला नाही.

ही आठवण छापायला देण्याआधी दत्तूच्या घरच्यांना सांगावं म्हणून परवा खालापूरला गेलो. सगळं सांगितलं. दत्तूची नात उठली, कोपऱ्यातलं मृदंगम मांडीवर घेतलं आणि वाजवू लागली. दत्तूनंच शिकवलंय तिला. ती वळणावरची थांबायची लकब... तीच!

सून झाकलेली कॉफी घेऊन आली. मी म्हटलं, “थांब गं. उघडू नको.”

पोरगी बराच वेळ वाजवत राहिली. तिचे हात थांबल्यावर मी झाकण काढलं. दत्तू म्हणाला होता तशी, गार झाली होती.