सुधाकरच्या जीपचं मागचं सीट

सुधाकरच्या बायकोचा, मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. रविवारचे अकरा वाजले असतील. "मास्तर, यायच्या छातीत कळ येऊन राह्यली. लवकर या." अर्ध्या गालाचा साबण तसाच घेऊन धावलो. सुधाकर त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात, जीपमधून काढून ठेवलेल्या त्या मागच्या सीटवर आडवा होता. माझा अवतार पाहून तशातही हसला. रस्त्यापलीकडे आमच्या छोट्या सरकारी दवाखान्यासमोर अँबुलन्स उभी होती, पांढरीशुभ्र, धुतलेली. तिच्या एकुलत्या एका ड्रायव्हरची सुट्टी, चावी त्याच्या खिशात. गावात गाडी चालवणारे बाकीचे सगळे एका वरातीबरोबर पुलगावला गेलेले. दारात सुधाकरची जीप होती, तिची चावीही होती, पण ती चालवणारा सीटवर पडलेला... आणि मी चोपन्न वर्षांचा बाप्या, मला गाडी येत नव्हती.

रोहण्याहून ओळखीच्या माणसाची गाडी येईपर्यंत पाऊण तास गेला. वर्धा गाठायच्या आतच सुधाकरही गेला.

ते सीट दुकानात कसं आलं, ते गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच एका रविवारी, शेजारची रेखा बाळंतपणात अडली. तिला आडवं झोपवायचं म्हणून सुधाकरनं पाना घेऊन जीपचं मागचं सीट काढलं आणि दुकानात फेकलं. ते पुन्हा बसवायला सवडच झाली नाही, कारण पुढच्या रविवारी दुसरं कोणी आलं. मग गावाचा नियमच झाला : रविवारी आजारी पडायचं तर सुधाभाऊला सांगून पडावं. इकडे सीटवर आमच्या चहाच्या बैठका सुरू झाल्या. त्याचं टोक गल्ल्याकडचं, माझं दाराकडचं.

ग्रामीण रुग्णालयांच्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आला, तो मी याच सीटवर उभा राहून, गणपतीतल्या नाटकातल्या राजाच्या आवाजात वाचला. "प्रत्येक ग्रामीण रुग्णालयास एक रुग्णवाहिका देण्यात येईल!" सुधाकरनं कप खाली ठेवला.

"अन् चालवन कोन?"

मी पानं उलटली, पुन्हा उलटली. कुठंच नव्हतं. मला दोन पानी फर्डं निवेदन लिहायचं होतं, त्यानं एकच ओळ लिहू दिली : प्रत्येक गाडीमागे दोन ड्रायव्हर, एक सुट्टीवर असला की दुसरा हजर. ती ओळ घेऊन आम्ही वर्ध्याला सुनावणीला गेलो. सुनावणी घेणारे साहेब सौजन्यानं म्हणाले, गाडी म्हटली की त्यात ड्रायव्हर गृहीतच असतो.

"मंग त्या गृहीत ड्रायव्हरले आत्ता फोन लावा साहेब. आज रविवार नाई, उचलन तो."

सुधाकरच्या या बोलण्यावर सगळे हसले, साहेबही हसले. हा किस्सा मी पुढं वर्षभर तीन-तीन आवाजांत रंगवून सांगितला, टाळ्या घेतल्या. आज त्या टाळ्यांची शिसारी येते. साहेबांचा राग येतोच. एक ओळ लिहायला शाई लागते तरी किती? पण त्यांनी ज्याला गृहीत धरलं तो ड्रायव्हर आमच्याकडे खरोखर होता. बिनपगारी, बिनसुट्टीचा, आणि त्याला गृहीत धरणाऱ्यांत पहिला मी. "मास्तर, गाडी शिकून घे," असं तो कितीदा म्हणाला. मी म्हणायचो, तू चालव, मी वाचतो.

सुधारित मसुदा गेल्या आठवड्यात आला. ती ओळ त्यात नाही. या वेळी मी तो साध्या आवाजात वाचला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग आता रविवारी कोन?" जावई जीप विकायचं म्हणतात, सीट बसवून दिलं तर चार पैसे जास्त येतील म्हणतात. वहिनींनी पान्याला हात लावू दिला नाही. "सीट बसोलं तं पेशंट कुठं झोपन?"

मी गाडी शिकलो. हातपंपाला दोनदा धडकलो, पण शिकलो. परवा साप चावलेल्या एका आजोबांना आर्वीला पोचवलं. ते वाचले, मात्र पुन्हा माझ्या गाडीत बसणार नाही म्हणतात.

रविवारी दुकान बंद असतं, तरी वहिनी शटर अर्धं वर ठेवतात. सीटवर, सुधाकरच्या टोकाला, जीपची चावी असते. मी माझ्या टोकाला जाऊन बसतो... दाढी आधीच उरकून.