चांदी भरलेला सुळा

माझी थोरली बहीण दातांच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आहे. काम काय, तर दातात भरायच्या सिमेंटमध्ये चांदीची पूड कालवायची, त्याच्या टिकल्या पाडायच्या आणि जंतू वाढवलेल्या बशीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. तिथे एक जंतू फिरकत नाही. हे सांगताना ताईचा चेहरा असा खुलतो, जणू तिनंच काठी घेऊन ते हाकललेत.

आणि घरात आमचे बाबा. जन्मभर शिलाईमशीनवर बसलेले, कात्री हाताशी असून दोरा दातानं तोडणारे. गळ्याच्या कॅन्सरला किरणांचे शेक दिले, आजार हटला, पण तोंडातली लाळ आटली. लाळ गेली तशी दातांना कीड लागली. डॉक्टर दात भरायचे, काही महिन्यांत भरलेल्याच्या खाली पुन्हा कीड. एकेक करत दात गेले. शेवटी पुढचा एक सुळा उरला, तोही किडलेला.

“तुझी चांदी भर की यात,” बाबा ताईला म्हणाले. “घरात एवढी शिकलेली लेक, आणि बापानं बोळकं घेऊन फिरायचं?”

“ती दवाखान्यातली नेहमीची चांदी नव्हे, बाबा. ही पूड अजून माणसाच्या तोंडात घालायची नाही. जास्त मिसळली तर सिमेंट काळं पडून ठिसूळ होतं, कमी मिसळली तर जंतू दाद देत नाहीत. आणि पोटात किती उतरते, तेही अजून तपासायचंय.”

“या वयात पोटाची कसली काळजी?” मी भडकलो. “चिमूटभर आण. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. साधं भरलेलं टिकेना, चांदीचं भरता येईना; आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

सुळाही काढावा लागला. प्रयोगशाळेला काढलेले खरे दात लागतातच. ताईनं चाचरत विचारलं, “नेऊ का?”

“ने. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?”

तिनं तो घासूनपुसून स्वतःच्या हातानं भरला, चांदीचं सिमेंट घालून. मग जंतूंच्या पाण्यात बुडवून ठेवला. बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी ती घरी आली आणि बाबांच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

“तुमचा दात बघितला आज. भरलेलं जागच्या जागी आहे. खाली कीड नाही. अजिबात नाही.”

बाबा तोंडभर हसले. “म्हणजे बरा झाला म्हण की! मग आण आता घरी.”

ताई खाली बघत म्हणाली, “आत बघायला तो मधोमध कापावा लागतो, बाबा.”

बाबांनी मान डोलावली. शिवण संपली होती. त्यांनी सवयीनं दोरा तोंडाशी नेला, हिरड्यांत धरून एकदा ओढला, आणि मग कात्री मागितली.