हालवारच्या दस्त्यातलं चीज

बंदूक उडाली नाही, पण हालवार उडाला. तोरगुनचं त्याच्याकडे नीट लक्ष गेलं ते त्या दिवशी. एरवी तो गावचा नळदुरुस्तीवाला, त्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचे होते ते सिंकखालून बाहेर आलेले त्याचे पाय.

तोरगुन नेमबाजीच्या मैदानावर वॅफल भाजायची. मूस या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी तिथली परीक्षा द्यावी लागे. लाकडी रेनडिअरच्या छातीवर पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. ती स्वतःही दरवर्षी पीठ लागलेल्या हातांनी पास व्हायची. त्या दिवशी शिकारी टोळीचा म्होरक्या गुनलाइक याने हालवारच्या रायफलीत हळूच रिकामं काडतूस सरकवलं. हालवारने चाप ओढला. नुसतं ‘टक्’ झालं. तरी त्याचे डोळे मिटले, खांदा उसळला आणि टोपी खाली पडली.

“अरे, गोळी तर अजून माझ्या खिशात आहे!” गुनलाइक म्हणाला.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. परीक्षा हुकली की दलदलीकाठची, हालवारच्या वडिलांची मूसची वाट बघत बसायची जागा गुनलाइकच्या पुतण्याला मिळणार होती. वडिलांची जुनी, जड रायफल घ्यावी, तर तीही सोय त्याने स्वतःच्याच तोंडाने घालवली होती. “हे काय, घराचं आढं खांद्यावर घेऊन फिरता,” असं साऱ्या टोळीला हिणवून त्याने खोऱ्यातली सर्वांत हलकी रायफल आणली होती. ती खांद्यावर फुलासारखी बसायची आणि उडाली की घोड्यासारखी लाथ मारायची.

“वजन वाढव,” तोरगुन म्हणाली. “जड बंदूक कमी उसळते.”

हालवारने रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या पोकळ दस्त्यात पितळी नट भरले. रायफल खुळखुळ्यासारखी वाजू लागली. मग त्याने घरातलं तपकिरी चीज वितळवून नटांवर ओतलं. थंड झाल्यावर ते जे घट्ट बसलं, ते कायमचंच.

“चीज?” तोरगुनने विचारलं.

“घरात दुसरं काय असतं?”

तिने हृदयाच्या आकाराचा वॅफलचा एक तुकडा रिकाम्या रायफलीच्या नळीवर ठेवला. “दस्ता खांद्यात घट्ट रुतव. अर्धा श्वास सोड. चाप ओढू नकोस, हळूहळू दाबत जा. तुकडा पडला तर तो माझा, राहिला तर तुझा.”

पहिला आठवडा तोरगुनने वॅफल खाल्ले. नंतर हालवारच्या विजारी घट्ट व्हायला लागल्या, आणि एके दिवशी परीक्षेच्या पाचही गोळ्या वर्तुळात गेल्या.

शिकारीच्या पहिल्या सकाळी तो वडिलांच्या जागेवर बसला. गुनलाइकने त्रोल्ला या आपल्या कुत्रीला जंगलात सोडलं. थोड्याच वेळात ती एका जागी उभी राहून भुंकू लागली. असं भुंकणं म्हणजे मूस अडवला, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

“हालवार, तुझ्याजवळच आहे!” वायरलेसवर गुनलाइक कुजबुजला. “मोठा दिसतोय.”

“मूस नाही रे, मी आहे! तुझी कुत्री दस्ता चाटतेय!”

“हळू बोल, बुजेल तो.”

“कोण बुजेल? मी?”

“गप्प बस म्हटलं ना!”

साऱ्या टोळीने आपापल्या जागा सोडल्या आणि चवड्यांवर चालत हालवारला वेढा घातला. गुनलाइकने बर्चच्या फांद्या बाजूला केल्या. समोर हालवार दोन्ही हात वर करून उभा होता आणि त्रोल्ला, मूल मांडीवर घ्यावं तशी, रायफल पंज्यांत धरून बसली होती. तेवढ्यात पलीकडून, गुनलाइकच्या रिकाम्या जागेवरून, खरा मूस सावकाश चालत निघून गेला.

“काढ ते चीज!” गुनलाइक ओरडला.

“निघत नाही.”

गुनलाइकने शीळ घातली. त्रोल्लाने शेपटीसुद्धा हलवली नाही. हालवार दोन पावलं चालला, तशी ती मागोमाग निघाली.

“ज्याच्यामागे कुत्री, त्याने जंगल तुडवायचं,” गुनलाइक शेवटी म्हणाला. “उद्यापासून कुत्रीवाला तू. बसायच्या जागेचं काय ते बोल.”

“ती तोरगुनला द्या,” हालवार म्हणाला. पुतण्याचं नाव घ्यायला गुनलाइकने उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

आता दलदलीकाठी तोरगुन बसते. हालवार दिवसभर डोंगर चढतो आणि उतरतो, त्रोल्ला त्याच्याकडेच राहते, आणि त्याची रायफल टोळीत सर्वांत जड आहे.