न्हाणीघरातली उपासना

आठ दिवस मी देवाशी बोलत नव्हते. जेवणाआधीची प्रार्थना व्हायची, पण ती पोळ्या गार होतील या घाईनं. नव्वदच्या दशकाअखेरची गोष्ट. कारण सांगताना आज हसू येतं, तेव्हा मात्र रडले होते. ईस्टरच्या तालमीनंतर आमच्या चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि फार हळुवारपणे म्हणाले, "ताई, तुम्ही नुसते ओठ हलवलेत तरी चालेल." वीस वर्षं मी प्रभूपुढे गळा मोकळा सोडत होते आणि तो सुरात नाही, हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. घरी येऊन मी गीतपुस्तक जुन्या स्वेटरांखाली कोंबलं. देवाला माझा आवाज नको तर नको, माझंही काही अडलेलं नाही! सकाळी स्वयंपाक करताना गायची सवय होती, तीही बंद केली. ह्यांनी दोन दिवस तब्येत विचारली, मग त्यांना शांततेत पेपर वाचायची गोडी लागली, याचा तर मला जास्तच राग आला.

हे रेल्वेत. त्या शनिवारी सकाळी लवकर ड्यूटीवर इगतपुरीला गेले. मी डाळीचा कुकर चढवला आणि तीन शिट्ट्यांत आंघोळ उरकू म्हणून न्हाणीघरात शिरले. आंघोळ झाली, कपडे घालून झाले, पण दाराची कडी सरकेना. गंजकी होतीच, त्या दिवशी ती अशी रुतली की हलायचं नाव नाही. तीन शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, नऊ झाल्या. "वाचवा, वाचवा" म्हणून मी जीव खाऊन ओरडले. कुणी आलं नाही. पुढे कळलं, शेजारच्या काकांनी माझा आवाज ऐकला होता आणि "आल्या बाई पुन्हा रंगात" म्हणून खिडकी लावून घेतली होती.

मग शिट्ट्या थांबल्या आणि करपल्याचा वास सुटला. पाणी संपलेल्या कुकरचं काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. बादली पालथी घालून मी तिच्यावर बसले. प्रार्थना करायला जावं तर शब्द सुचेनात. आठ दिवसांच्या अबोल्यानंतर कुठल्या तोंडानं मागणार? शेवटी म्हटलं, "प्रभू, दार उघड नाहीतर नको उघडू, पण तुझ्याशिवाय मला करमत नाही." आणि एवढं बोलून मी चक्क गायला लागले. कुणी ऐकावं म्हणून नव्हे; भीती वाटत होती आणि दुसरं काही येत नव्हतं. पहिल्या कडव्याला आवाज कापत होता. दुसऱ्याला मी तांब्यावर ताल धरला. खोटं कशाला सांगू, मला मजा यायला लागली.

तिसऱ्या कडव्याला मागच्या दारातून हाक आली, "बाई, कुठं हाय तुम्ही?" कुंपणापलीकडे फुलांचा मळा करणारी हिराबाई! आमची ओळख लांबून हात करण्यापुरतीच. मी ओरडले, "आधी गॅस बंद कर गं!" तिनं गॅस बंद केला आणि फटीत खुरपं घालून दार उचकटलं.

"मघाशी मी वाचवा म्हणून ओरडत होते, ते ऐकू नाही आलं?" मी विचारलं.

"आलं की. मला वाटलं, सायबांशी भांडण चाललंय. मधी कशाला पडा?" ती म्हणाली. "पण आठ दिस झाले, तुमचं गाणंच नाय. रोज तुमचं गाणं चालू हाय तवर मी झेंडू तोडते. लय आजारी पडल्या का काय, म्हणून जिवाला घोर लागला. आज आवाज आला तशी पळतच आले बघायला."

मी ओशाळून सांगितलं की माझा आवाज चांगला नाही, चर्चमध्येसुद्धा नको म्हणतात. तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तुमच्या देवाचं मला नाय ठाऊक. मला तर गोड लागतो."

करपलेल्या डाळीच्या धुरात मी उभी राहून रडले. हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. कडी अडकली होती आणि शेजारीण आली. पण एक कळलं. माझं गाणं मी देवाला वाहिलं असं म्हणायची आणि लोकांनी ते चांगलं म्हणावं म्हणून धडपडायची. एकदा वाहिलेली वस्तू त्यानं वेदीवर ठेवावी की झेंडूच्या मळ्यात, हे ठरवणारी मी कोण? त्याच्या हातात दिलं की आपण मोकळं व्हावं. हिराबाईला माझ्या दारी धाडल्याबद्दल मी आजही रोज त्याचे आभार मानते.

ईस्टरला मी आपणहून क्वायर सोडला, मास्तरांना मनापासून सलाम केला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिथून आवाज वेदीपर्यंत पोहोचवायला जरा जास्त जोर लावावा लागतो. प्रभूच्या कृपेनं तो मला अजून लावता येतो.